बाशोचा बेडूक आणि धोंडीचा बेडूक : मराठी हायकूतील ऋतूविषयी

मराठीत हायकूवर जे लिहिले गेले, त्यात तीन गोष्टी हमखास सांगितल्या जातात : ओळी तीन असाव्यात, शब्द मोजके असावेत आणि एखाद्या क्षणाची अनुभूती पकडलेली असावी. चौथी गोष्ट सांगितली गेली तरी ओझरती सांगितली जाते. ती म्हणजे ऋतू. 'हायकू ही मुळात निसर्गकविता आहे' एवढ्या एका वाक्यात तिची बोळवण होते. माझ्या मते बाकीच्या तिन्ही गोष्टी या चौथीवर उभ्या आहेत. आपण तिन्ही घेतल्या आणि चौथी मागे ठेवली; म्हणून इतक्या वर्षांनंतरही मराठी हायकू पाहुण्यासारखा ओसरीवरच बसलेला दिसतो. दावा मोठा आहे याची मला कल्पना आहे, म्हणून तो पायरीपायरीने मांडतो. मला जपानी येत नाही. इंग्रजी आणि मराठी अनुवादांतून जे वाचता आले, त्याच्या आधारावर हे विवेचन केले आहे.

१. एक बेडूक, दोन ऋतू

मात्सुओ बाशो (१६४४–१६९४) याचा तळ्यात उडी मारणाऱ्या बेडकाचा हायकू जगात सर्वाधिक अनुवादित झालेल्या कवितांपैकी एक असावा. तो १६८६ सालचा. रवींद्रनाथ ठाकूर १९१६ मध्ये जपानला गेले, तेव्हा त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात त्याचा बंगालीत अनुवाद दिला आणि भारतीय वाचकाला हा बेडूक प्रथम भेटला. पुढे मराठीतही त्याचे अनुवाद झाले. शांतता, त्या शांततेला गेलेला तडा आणि पुन्हा शांतता, असा त्याचा अर्थ आपण लावतो. तो चूक नाही. पण वाचताना आपल्या डोळ्यांपुढे तळे कोणते येते?

माझ्यापुढे वर्षानुवर्षे भरलेले, गढूळ, वर आभाळ दाटून आलेले तळे येत होते. तलवाड्यात लहानाचा मोठा झालेल्या माणसाला दुसरे तळे दिसणारच नाही. आमच्याकडे चैत्र-वैशाखात बेडूक दिसत नाही. तळेही बहुधा नसते, असते ती भेगाळलेली गाळपेर. मृगाचे दोन जोरदार पाऊस झाले की रात्री बेडकांचा गलका सुरू होतो. म्हणून मराठी माणसाच्या कानाला बेडूक म्हणजे पावसाळा.

जपानी परंपरेत मात्र बेडूक हा वसंताचा शब्द आहे. थंडी सरते, पाणी कोमट होऊ लागते आणि बेडूक बाहेर येतो. शिवाय जुन्या जपानी कवितेत बेडूक यायचा तो त्याच्या आवाजासाठी. दहाव्या शतकाच्या आरंभीच्या 'कोकिनशू' या संग्रहाच्या प्रस्तावनेत फुलांमधला पक्षी आणि पाण्यातला बेडूक यांच्या गाण्याचा जोडीने उल्लेख आहे. त्या बेडकासोबत 'यामाबुकी' या पिवळ्या वासंतिक फुलांचे वर्णन करण्याचा संकेतही होता. बाशोने पहिली ओळ काय घ्यावी याची चर्चा चालली असता किकाकू या शिष्याने याच फुलांचे नाव सुचवले होते, असे शिको या दुसऱ्या शिष्याने नोंदवले आहे. बाशोने ते घेतले नाही. त्याने फुलांच्या जागी जुने तळे ठेवले आणि बेडकाला गायला न लावता उडी मारायला लावली.

म्हणजे त्या छोट्या कवितेतली नवलाई वाचकाच्या मनात आधीपासून असलेल्या गोष्टींवर अवलंबून आहे. बेडूक म्हटल्यावर वसंत, गाणे आणि पिवळी फुले यांची वाट पाहणाऱ्या वाचकाला उडीचा आवाज ऐकू येतो. आपल्या वाचनात कविता तीन-चार महिने पुढे सरकते, पावसाळ्यात जाऊन पडते आणि तिच्यातली ही कलाटणी आपल्या लक्षातही येत नाही. अनुवादकाचा यात काही दोष नाही. शब्द त्याने बरोबरच आणला. शब्दाचा ऋतू आणता येण्यासारखा नव्हता.

२. ऋतुशब्द काय काम करतो

जपानीत अशा शब्दाला 'किगो' म्हणतात. त्याला आपण ऋतुशब्द म्हणू. असे शब्द वर्गवारी करून, उदाहरणांसह ज्या ग्रंथात दिलेले असतात तो 'साइजिकी', म्हणजे ऋतुकोश. त्याचे साधारण पाच भाग असतात : वसंत, ग्रीष्म, शरद, हिवाळा आणि नववर्ष. त्यात फुले-पाखरे असतातच. पण सण, खाद्यपदार्थ, कपडे आणि शेतीची कामेही असतात. नुसता 'चंद्र' म्हटला की तो शरदातला. इतर ऋतूंतला चंद्र हवा असेल तर तसे वेगळे सांगावे लागते. आकाशगंगाही शरदाचीच.

ही शिस्त आली ती सामुदायिक कवितेतून. अनेक कवी एकत्र बसून 'रेंगा' ही साखळी-कविता रचत. तिचे पहिले कडवे म्हणजे 'होक्कू'. त्यात त्या बैठकीचा ऋतू यावा असा नियम होता, कारण ते कडवे यजमानाला आणि त्या वेळेला केलेले अभिवादन असे. पुढे मासाओका शिकी (१८६७–१९०२) याने होक्कूला साखळीतून सोडवून स्वतंत्र कविता केले आणि 'हायकू' हे नाव रूढ केले. कविता एकटी झाली तरी ऋतुशब्द तिच्यासोबत राहिला. जपानने १८७३ मध्ये चांद्र पंचांग सोडून पाश्चात्त्य कालगणना स्वीकारली, तेव्हा कोशाची घडी विस्कटली. 'तानाबाता' हा सण आता अनेक ठिकाणी ७ जुलैला, ऐन उन्हाळ्यात साजरा होतो, पण ऋतुकोशात तो अजून शरदातच आहे. तरीही कोश टिकला.

का टिकला, याचे उत्तर हायकूच्या लांबीत आहे. पाच-सात-पाच अशा सतरा ध्वनींमध्ये माणूस सांगून सांगून काय सांगणार? पण त्यांतला एक शब्द जर हजार जणांनी शेकडो वर्षे वापरलेला असेल, तर तो सोबत हवा, वास, काम, सण आणि आधीच्या कविता घेऊन येतो. कवीने न सांगितलेले वाचक स्वतःच्या घरून आणतो. हायकूची लांबी कमी असते ती या सामाईक ठेवीच्या भरवशावर. ती ठेव नसेल तर सतरा अक्षरे खरोखरच अपुरी पडतात, आणि मग कवीला उरलेली जागा भावनेने किंवा सुभाषिताने भरावी लागते.

३. आपला नुसता 'पाऊस'

मराठीत हायकू रुजवण्याचे श्रेय निर्विवादपणे शिरीष पै (१९२९–२०१७) यांचे. 'नवे हायकू', 'फक्त हायकू' अशा संग्रहांतून त्यांनी हा प्रकार अनेक वर्षे निष्ठेने चालवला. ध्वनिमोजणीचा काच त्यांनी मानला नाही. तीन छोट्या ओळी, त्यांपैकी दोन ओळींत यमक आणि बोलण्याची साधी लय असा मराठीला मानवेल असा घाट त्यांनी घडवला. हे काम लहान नाही. यमक जपानी हायकूत नसते. पण ओवी-अभंगावर वाढलेल्या कानाला ते हवेसे वाटते, हे त्यांनी ओळखले. त्यांच्यामागून सुरेश मथुरे यांच्यासह अनेकांनी त्याच घाटात लेखन केले.

घाट मराठी झाला. ऋतू मात्र झाला नाही. मी वाचलेल्या मराठी हायकूंमध्ये पाऊस पुष्कळ आहे. पण तो कोणत्या नक्षत्राचा, हे क्वचित कळते. तो खिडकीबाहेर पडतो आणि आत बसलेल्याला एकटेपणा देतो. झाड आहे, पण चिंच की बाभूळ हे सांगितलेले नसते. पक्षी आहे, तो कुठल्याही महिन्यात यावा असा. हा निसर्ग कवीच्या मनःस्थितीचा आहे. त्याला तिथी नाही. एखाद्या हायकूत ते शोभतेही. शेकडो हायकूंमध्ये तेच झाले की सगळे एकाच दुपारी लिहिल्यासारखे वाटू लागतात.

यावर 'आपल्याकडे जपानसारखी ऋतूंची परंपरा कुठे आहे?' असे कोणी म्हणेल. मला तर ती नको तितकी आहे असे वाटते. आमच्या भागात शेतकरी 'जुलैचा पाऊस' म्हणत नाही. ७ जूनच्या आसपास मृग निघतो. पुढे आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती अशी तेरा-चौदा दिवसांची नक्षत्रे लागतात. पुनर्वसूचा पाऊस तो 'तरणा' आणि पुष्याचा तो 'म्हातारा'. या दोन शब्दांत पावसाचा जोर, पिकाची उंची आणि घरातल्या दाण्यांचा अंदाज एकदम येतो. हस्त निघाला की मुली पाटावर हत्ती काढून हादगा मांडतात, म्हणजे पावसाचे नक्षत्र खेळात आणि गाण्यातही शिरलेले आहे. पंचांग प्रत्येक नक्षत्राला वाहन देते. हत्ती, म्हैस किंवा बेडूक निघाला की माणसे समाधानाने मान हलवतात. कोल्हा किंवा मेंढा निघाला की गप्प होतात. पावसाचे वाहन बेडूक ही कल्पना एखाद्या जपानी ऋतुकोशकाराने ऐकली असती, तर त्याने ती लगेच टिपून घेतली असती.

ग्रंथांतही वानवा नाही. सहदेव-भाडळीच्या मुखी घातलेली पाऊसपाण्याची वचने घरोघर होती. आमच्यापासून फार लांब नसलेल्या पैठणशी, म्हणजे सातवाहनांच्या प्रतिष्ठानशी, जिचे नाव जोडलेले आहे त्या 'गाथासप्तशती'त गोदाकाठ, शेतकरी आणि पहिला ढग पाहून प्रवासी नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बायका आहेत. आणि प्रत्येक गाथा दोनच ओळींची. स. आ. जोगळेकरांनी १९५६ मध्ये ती मराठी वाचकापुढे साक्षेपाने ठेवली. योगायोग असा की त्याच वर्षी दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' आले. बारा महिन्यांचे ते गद्य मला मराठीतला ऋतुकोशाचा पहिला खर्डा वाटत आले आहे. हायकू मराठीत आला तेव्हा हे सारे हाताशी होते. आपण घाट घेतला जपानी आणि आशय घेतला आधुनिक भावकवितेचा. मधली ही ठेव उघडलीच नाही.

४. एक आक्षेप

जाणकार वाचक इथे मला अडवील. खुद्द जपानमध्येच ऋतुशब्दाविरुद्ध बंड झाले, मग मराठीने ते ओझे का वाहावे? आक्षेप वजनदार आहे. ताकाहामा क्योशी (१८७४–१९५९) याने ऋतू आणि नियम यांची बाजू लावून धरली, तर दुसरीकडे मुक्त आणि ऋतुहीन हायकू लिहिणारे कवी पुढे आले. १९३० नंतरच्या दशकात युद्ध, कारखाने आणि शहर यांवर हायकू लिहिणाऱ्या तरुणांना फुला-चंद्राचा कोश अपुरा वाटू लागला. त्यांचे लिखाण सत्तेला इतके खुपले की १९४० मध्ये 'क्योदाइ हायकू' या नियतकालिकाशी संबंधित कवींना अटक झाली.

पण या बंडातून काय दिसते? ज्यांनी ऋतुशब्द टाकला, त्यांना तो तोंडपाठ होता. वाचकालाही होता. म्हणून ऋतू नसलेली कविता वाचताना त्यांना काहीतरी मुद्दाम वगळल्याचे जाणवे आणि त्या वगळण्याला अर्थ येई. आपल्या हायकूत ऋतू नाही तो कोणी नाकारला म्हणून नाही; तो कधी आलाच नव्हता. भरल्या घरातला रिकामा कोनाडा आणि न बांधलेल्या घराची मोकळी जागा यांत फरक करायला हवा.

५. कोश कोण करतो?

तर मग मराठी ऋतुकोश करावा, असे म्हणून हा लेख इथे संपवता आला असता. काही वर्षांपूर्वी मी तसा संपवलाही असता. पण दरम्यान जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाविषयी आणि तिथल्या आइनू लोकांविषयी वाचनात आले आणि माझा उत्साह थोडा सावध झाला.

जपानी ऋतुकोशाचे हवामान मुख्यतः क्योतो आणि एदो, म्हणजे आजचे तोक्यो, या दोन शहरांचे. होक्काइदोत प्लम आणि चेरी जवळजवळ एकाच वेळी, एप्रिलअखेर ते मे महिन्यात फुलतात. क्योतोत चेरी मार्चअखेर ते एप्रिलच्या आरंभी बहरलेली असते. जपानचा प्रसिद्ध जून-जुलैचा पावसाळा, 'त्सुयू', होक्काइदोत नसतोच असे मानतात. म्हणजे तिथला माणूस कोश उघडतो तेव्हा त्याला दुसऱ्याच गावचे वर्ष सापडते.

आणि त्या बेटावर आधीपासून राहणाऱ्यांचे काय? मेइजी सरकारने १८६९ मध्ये एझो या भूमीला होक्काइदो हे नाव देऊन वसाहत सुरू केली. आइनूंच्या गोंदणावर बंदी आली, नदीतल्या सॅमन माशांवरचा त्यांचा हक्क गेला. १८९९ च्या कायद्याने शिकार आणि मासेमारीवर जगणाऱ्यांना शेतकरी करण्याचा आणि त्यांच्या मुलांना जपानी वळण लावण्याचा खटाटोप केला. तो कायदा रद्द व्हायला १९९७ साल उजाडले. आइनू हे मूळनिवासी आहेत असा ठराव जपानच्या संसदेने केला २००८ मध्ये.

आता ऋतुकोशाकडे पाहा. आइनूंचा अस्वलाचा विधी, 'इयोमान्ते', जपानी ऋतुकोशात हिवाळ्याचा शब्द म्हणून नोंदला गेला आहे. पिलापासून वाढवलेल्या अस्वलाला, म्हणजे अस्वलाच्या रूपात आलेल्या देवाला, सन्मानाने देवांच्या जगात परत पाठवण्याचा हा विधी. होक्काइदोच्या राज्यपालांनी १९५५ मध्ये तो रानटी ठरवून परिपत्रकाने जवळजवळ बंद पाडला. ते परिपत्रक मागे घेतले गेले २००७ मध्ये. म्हणजे पन्नासहून अधिक वर्षे शब्द कवींना मोकळा होता आणि विधी करणाऱ्यांना विधी बंद होता. कोशात स्थान मिळणे म्हणजे बोलायला मिळणे नव्हे, हे मला या उदाहरणाने शिकवले.

त्याच्या बरोबर उलट टोकाला चिरी युकिए आहे. १९०३ मध्ये नोबोरिबेत्सूला जन्मलेली ही आइनू मुलगी आजी आणि मावशी यांच्या तोंडून देवगाणी ऐकत वाढली. भाषाशास्त्रज्ञ किंदाइची क्योसुके यांच्या प्रोत्साहनाने तिने त्यांतली तेरा गाणी रोमन लिपीत उतरवली आणि शेजारी स्वतःच जपानी अनुवाद केला. सप्टेंबर १९२२ मध्ये, हस्तलिखिताचे काम पुरे होताच, तोक्योत हृदयविकाराने तिचा मृत्यू झाला. वय अवघे एकोणीस. पुस्तक निघाले पुढच्या वर्षी, १९२३ मध्ये.

या गाण्यांत प्राणी स्वतः 'मी' म्हणून बोलतात. पहिले गाणे घुबड-देवाचे. आणि त्यांत एक बेडकाचेही आहे. बेडूक सांगतो : मी उड्या मारत चाललो होतो, एका घरात एक तरुण तलवारीच्या म्यानावर नक्षी कोरत बसलेला दिसला. त्याची चेष्टा करावी म्हणून उंबऱ्यावर बसून गायलो. तो हसून म्हणाला, अजून ऐकव. मी पुन्हा गायलो. शेवटी त्याने चुलीतले जळते लाकूड उचलून माझ्यावर फेकले. भानावर येऊन पाहतो तर मी उकिरड्यावर, स्वतःच्याच मेलेल्या देहाच्या दोन कानांमध्ये बसलेला. मग मला कळले की तो साधा माणूस नव्हता, ओकिकिरमुई हा वीर होता. पुढच्या बेडकांनो, माणसाची चेष्टा करू नका.

बाशोच्या बेडकाला कोणीतरी पाहते आहे, ऐकते आहे. हा बेडूक स्वतः पाहतो, चुकतो, मरतो आणि आपल्या जातभाईंना शहाणपण सांगतो. दोघांपैकी थोर कोण, हा प्रश्न मला पडत नाही. पण ऋतूची कविता बाहेरून पाहणाऱ्याची असू शकते तशी त्या ऋतूत सापडलेल्याचीही असू शकते, हे आइनू गाण्याने दाखवले.

६. धोंडी आणि कोयता

मृग कोरडा गेला की आमच्याकडे पोरे धोंडी काढत. कमरेला, अंगाला लिंबाचा पाला बांधलेली दोन पोरे, खांद्यावर दांडा आणि दांड्याला मधोमध फडक्यात बांधलेला बेडूक. दारोदार जायचे, बायांनी घागरीतले पाणी अंगावर ओतायचे. एका साली मी त्या दांड्याच्या पुढच्या टोकाला होतो. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या काकूंनी पाणी ओतताना हात आखडता घेतला, कारण घागरीत पाणीच बेताचे होते. आणि 'बेडकावर तेवढं पडू दे रे, लेकरांनो' एवढेच म्हणाल्या. धोंडीचा हा बेडूक मराठी ऋतुशब्द नाही तर काय आहे? त्यात मृग आहे, ओढ दिलेला पाऊस आहे, रिकामी घागर आहे आणि वेठीला धरलेला एक मुका जीवही आहे. तो वापरून लिहिलेल्या तीन ओळींना आणखी स्पष्टीकरण लागणार नाही. निदान मराठवाड्यात तरी.

पण उद्या मी ऋतुकोश करायला बसलो आणि धोंडी, हुरडा, हादगा, तरणा-म्हातारा एवढेच शब्द गोळा केले, तर मीही क्योतोत बसून होक्काइदोचे वर्ष लिहिणाऱ्यासारखाच ठरेन. कारण आमच्या जिल्ह्याचा सर्वांत मोठा ऋतुशब्द वेगळाच आहे. तो म्हणजे 'कोयता'. इथे कोयता म्हणजे फक्त हत्यार नव्हे. ऊसतोडीला जाणारे नवरा-बायकोचे जोडपे मिळून एक कोयता. त्यावर मुकादम उचल देतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरवर बसून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. गावात उरतात म्हातारी माणसे आणि काही शाळकरी मुले. तिकडे कोपी, फड, मोळी, वाढे हे शब्द सुरू होतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी कारखान्याचा पट्टा पडला की माणसे परततात. या वर्षाला वसंत-शरद अशी नावे बसत नाहीत. त्याचे ऋतू दोनच : गाव भरलेले आणि गाव रिकामे.

हे शब्द कोशात यावेत असे मला वाटते. पण ते मी किंवा पुण्या-मुंबईच्या कोणी टिपून घेतले एवढ्याने भागणार नाही. नाहीतर 'कोयता' हा हिवाळ्याचा शब्द ठरेल, कवी तो वापरतील आणि फडात वाकलेली बाई त्या कवितेत देखाव्यासारखी उभी राहील. इयोमान्तेचे जे झाले तेच. फडावर जन्मलेल्या, हंगामी वसतिगृहांत शिकलेल्या मुलामुलींची एक पिढी आता लिहू-वाचू लागली आहे. चिरी युकिएने केले तसे, आपल्या आजीच्या तोंडचे शब्द आपणच उतरवून त्यांचा अर्थ आपणच सांगण्याचे काम त्यांच्या हातून व्हावे. आमच्यासारख्यांनी वही पुरवावी, मुद्रिते तपासावीत.

आइनूंकडून आणखी एक गोष्ट घेता येईल. वर्षातल्या पहिल्या सॅमनच्या स्वागताचा त्यांचा विधी बंद पडला होता; तो १९८२ पासून साप्पोरो शहरात पुन्हा सुरू झाला. शब्द जिवंत राहायचा असेल तर त्यामागचे काम आणि सण चालू राहावे लागतात, कोश त्यांच्या मागून येतो. आमच्या शाळेतल्या मुलांना मी नक्षत्रांची नावे विचारतो, तेव्हा मृगाच्या पुढे फार कोणी जात नाही. पण 'पट्टा कधी पडतो' हे त्यांतल्या अनेकांना नेमके ठाऊक असते. मराठी ऋतुकोशाची सुरुवात या ठाऊक असलेल्या शब्दापासून करता येईल.

हा दिवाळी अंक वाचकांच्या हाती पडेल, तेव्हा आमच्या रस्त्यावरून ट्रॅक्टर जात असतील. ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळी, पेंढ्या आणि वर बसलेली मुले. शिरीष पैंनी मराठीला दिलेल्या तीन ओळींत हे मावेल का? मावेल असे मला वाटते. त्या ओळी ट्रॉलीत बसलेल्यांपैकी कोणी लिहिल्या, तर जपानी हायकूला न सुचलेले काही त्यात येईल आणि मराठी हायकू ओसरीवरून घरात येईल.